मौद्याच्या महालक्ष्म्या

समतेवर बोलावे तर गिरिधररावांनीच, असे प्रतापनगरात सर्वमान्य होते. आणि स्वतः गिरिधररावांचाही या मताला विरोध नव्हता. राज्यशास्त्राच्या प्राध्यापकीतून निवृत्त व्हायची वेळ जवळ आली तरी व्याख्यानमालांची निमंत्रणे आटली नव्हती. रविवारच्या पुरवणीतला स्तंभ नेमाने चालू होता. बैठकीतल्या भिंतीवर सन्मानचिन्हांची इतकी दाटी झाली होती, की त्यांतली काही अरुंधतीबाईंनी वॉशिंग मशीनच्या वरच्या फळीवर हलवली होती. असा हा माणूस भाद्रपदातल्या एका दुपारी, अंगावर रेशमी सोवळे, समोर मांडलेली पंगत आणि साक्षीला दोन्ही महालक्ष्म्या असताना, सातासमुद्रापलीकडच्या एका बाईशी खोटे बोलला. खोटे साधे असते, तर गोष्ट सांगायचे कारण नव्हते. ते फार सुसंस्कृत खोटे होते.

प्रकरण सुरू झाले ते गौरांगपासून. गौरांग हा गिरिधररावांचा उशिरा झालेला एकुलता एक मुलगा. अकरावीचे वर्ष परदेशात काढण्याची एक योजना त्याने शोधून काढली. योजना अशी, की दोन देशांतल्या दोन घरांनी वर्षभर एकमेकांची मुले सांभाळायची. गौरांग बेल्जियममधल्या लीजला जाणार, आणि ज्या घरात तो राहणार त्या घरची मुलगी नागपूरला यांच्याकडे येणार. मुलांची छायाचित्रे आधी पाठवायची नाहीत, असा त्या संस्थेचा दंडक होता. चेहऱ्यावरून कोणी कोणाविषयी मत बनवू नये, हा त्यामागचा उदात्त हेतू. गिरिधररावांनी या दंडकाचे आपल्या स्तंभात कौतुकही केले होते.

अरुंधतीबाईंनी मात्र चेहरा आधीच बनवून टाकला होता. माडीवरच्या खोलीला त्यांनी फिकट निळा रंग दिला, काटे-चमचे आणले, आणि कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटावर "आमची बेल्जियमची लेक येतेय" असे जाहीर केले. पुण्याला शिकणाऱ्या पुतणीने, नूपुरने, तिच्यासाठी शिवलेली नऊवारी मागवली. यंदा महालक्ष्म्यांच्या पंगतीला गोरी मुलगी नऊवारी नेसून, नाकात नथ घालून बसणार, हे चित्र दोन्ही भावांच्या घरांत इतके पक्के झाले, की ते प्रत्यक्षात यायचे तेवढे बाकी होते.

जुलैत गौरांग गेला. तिथून फोटो येऊ लागले: खिडकीतल्या कुंड्या, नदीवरचा पूल, साखर पेरलेली वाफल, एक ढब्बू कुत्रा, सोनेरी केसांची दोन जुळी पोरे. "ओडिलमम्मी फार प्रेमळ आहे," असे तो लिही. "तिचा फोटो पाठव की रे," असे आईने म्हटले, तर उत्तर आले, "तिला फोटो काढलेले आवडत नाहीत." जुळी पोरे म्हणजे ओडिलबाईंचीच असावीत, असे अरुंधतीबाईंनी गृहीत धरले आणि पोरे गोंडस असल्याचे गटावर कळवले.

ऑगस्टमध्ये गिरिधरराव विमानतळावर गेले. नावाची पाटी हातात होती. दारातून एक उंच, गोरी बाई चाके लावलेली बॅग ओढत बाहेर आली, तसे ते हसतमुखाने पुढे सरसावले. बाईने त्यांच्या पाटीकडे पाहिले, मान हलवली आणि ती निघून गेली. तेवढ्यात कोपराशी आवाज आला, "ती मी आहे." मागे एक सावळ्याहून कितीतरी सावळी, बारीक वेण्यांची मुलगी उभी होती, हातात छत्री, चेहऱ्यावर लांबच्या प्रवासाचा थकवा. तिने वाकून त्यांच्या पायांना हात लावला. गौरांगने तिला शिकवून पाठवले होते. गौरांगने आपल्या आईबापांना मात्र काहीच शिकवून ठेवले नव्हते.

तिचे नाव अनाइस. तिचे आईवडील तरुणपणी काँगोतून बेल्जियममध्ये आले. ती जन्मली, वाढली ती लीजमध्येच. वडील पुढे वारले. आई, म्हणजे ओडिल, दवाखान्यात परिचारिका. हे सारे गिरिधररावांना गाडीत कळले. खिडकीतल्या कुंड्या होत्या त्या तिच्या घराच्या. सोनेरी केसांची पोरे शेजाऱ्यांची.

घराच्या आत, सांगायला हवे, तिचे बरे चालले होते. पहाटे उठून ती बादलीने अंघोळ करी, सातच्या कॉलेजला जाई, तर्री-पोहे खाऊन नाक पुसत घरी येई. वर्गात तिची श्वेताशी मैत्री जमली. श्वेता ही मौद्याजवळच्या एका शेतकऱ्याची, रुपरावांची, मुलगी. रोज बसने जाऊन-येऊन शिकणारी. तिच्या संगतीने अनाइस महिन्याभरात मराठी बोलू लागली, पण ते श्वेताचे मराठी. "काकू, मले भूक लागून राहिली," असे ती म्हणाली, की अरुंधतीबाई कपाळाला हात लावत. "मला म्हण गं बाई, मला." पण म्हणता म्हणता त्या ताट वाढत. संध्याकाळी दोघी मालिका बघत बसत आणि त्यातल्या सासूला मिळून शिव्या देत. गिरिधररावांच्या चष्म्याची काडी तिने चिकटवून दिली होती.

अडचण फाटकाबाहेर सुरू होई. गटावर तिचा एकही फोटो गेला नाही. "गडबडीत राहूनच जातंय," असे अरुंधतीबाई म्हणत. शेजारचे गृहस्थ फिरायला निघाले असता म्हणाले, "ही तुमची बेल्जियमची? वाटत नाही तशी." त्यावर गिरिधररावांनी त्यांना कोपऱ्यापर्यंत जाईतो युरोपीय वसाहतवादाचा इतिहास ऐकवला. इतिहास निर्दोष होता. त्याचा सूर मात्र बिघडलेली वस्तू का बिघडली हे गिऱ्हाइकाला समजावून सांगणाऱ्या दुकानदाराचा होता, आणि हे बोलता बोलता त्यांच्याच कानांना जाणवले. पुढचे काही दिवस त्यांनी फिरायची वाट बदलली.

एका रविवारी ते तिला दीक्षाभूमीवर घेऊन गेले. परगावचा पाहुणा आला की ते तिथे नेत. पायऱ्यांपाशी उभे राहून बोलत. आणि त्यांचा आवाज तिथे नेहमी थोडा दाटून येई. त्या दिवशीही आला. लाखो माणसांनी एका दिवसात जुने ओझे कसे टाकून दिले, ते त्यांनी सांगितले. अनाइसने सगळे लक्ष देऊन ऐकले आणि विचारले, "त्या दिवशी तुमच्या घरचे लोक कुठे होते?"

गिरिधररावांना इतक्या वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. "घरीच असतील," ते म्हणाले. घरीच होते. गर्दी फार होणार म्हणून त्यांच्या आजोबांनी दसऱ्याचे सोने वाटायलाही कोणाला बाहेर सोडले नव्हते आणि दिवसभर रस्त्याकडच्या खिडक्या लावून ठेवल्या होत्या. ही हकिकत घरात गमतीची म्हणून सांगितली जाई.

महालक्ष्म्या आठवड्यावर आल्या. शरच्चंद्रदादांच्या, म्हणजे गिरिधररावांच्या थोरल्या भावाच्या, फ्लॅटमध्ये जागा पुरत नाही म्हणून दोन्ही भावांच्या महालक्ष्म्या याच घरी बसत. अनाइसने श्वेताच्या मोबाइलवर बघून रांगोळीची पावले शिकून घेतली होती. मखराची कागदी फुले तिनेच कातरली. पितळी मुखवटे चिंचेने घासून लख्ख करताना तिने सहज विचारले, "काकू, जेवायला मी कुठं बसू? तुमच्याजवळ?"

त्या रात्री अरुंधतीबाई म्हणाल्या, "अहो, दादा-वहिनी येणार. वहिनींच्या माहेरची माणसं येणार. सोवळं असतं सगळं. आणि आपण इतके दिवस काही बोललोच नाही कोणाशी. एकदम अशी ती समोर…"

वाक्य त्यांनी तिथेच सोडले. अरुंधतीबाई साध्या बाई होत्या. त्यांच्याने ते वाक्य पुरे होईना, आणि ते तसेच राहिले असते तर कदाचित मोडूनही पडले असते. पुरे केले ते गिरिधररावांनी. श्वेताने अनाइसला सणाला गावी बोलावले होते, हे त्यांना आठवले. "मी म्हणतो, तिला मौद्यालाच जाऊ दे," ते म्हणाले. "आपल्याकडचं काय, शहरी, आक्रसलेलं रूप. तिथं तिला लोकजीवनाचा अस्सल अनुभव मिळेल. शैक्षणिक दृष्ट्या तेच योग्य आहे."

"तसं म्हणता?" अरुंधतीबाईंनी विचारले. त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेचा जो भाव पसरला, तो पाहून गिरिधररावांनी दिवा मालवला.

सकाळी हेच त्यांनी अनाइसला सांगितले, लोकजीवनासकट. ती पोह्यांतले शेंगदाणे वेचत होती. "ठीक आहे," ती म्हणाली. जाताना तिने ती शिवलेली नऊवारी, घडी न मोडता, अरुंधतीबाईंच्या पलंगावर ठेवली. "हिचं काय करू मी आता," असे अरुंधतीबाई दोनदा म्हणाल्या आणि त्यांनी ती कपाटात, शालींच्या खाली, सारून दिली.

पूजेच्या दिवशी घर भरले. सोळा भाज्या शिजल्या, पुरणाचे दिवे लागले, आंबिलाचा वास जिन्यापर्यंत आला. "कुठंय तुमची फॉरेनर?" असे जो येई तो विचारी. "खेड्यात गेलीय, प्रोजेक्टला," असे अरुंधतीबाई सांगत.

"सणाच्या दिवशी प्रोजेक्ट?" नूपुरने विचारले. "काका, मी पुण्याहून नथ आणलीय तिच्यासाठी."

"सण हाच प्रोजेक्ट आहे," गिरिधरराव म्हणाले. दादा हसले. प्राध्यापक माणसाचे बोलणे, त्यामुळे सगळेच हसले. नूपुर हसली नाही. तिने नथीची डबी पर्समध्ये ठेवली.

नैवेद्य झाला, पाने वाढली, आणि बायकापुरुष बसतात न बसतात तोच गिरिधररावांचा फोन वाजला. गौरांगचा व्हिडिओ कॉल. "लेकाला बरोब्बर वेळ साधली," असे दादा म्हणाले, आणि सगळ्यांना ऐकू जावे म्हणून नूपुरने आवाज वाढवून फोन काकांच्या हाती दिला.

पडद्यावर गौरांग नव्हता. एक रुंद चेहऱ्याची, काळी, डोक्याला पिवळे फडके बांधलेली बाई होती आणि ती दोन्ही हात जोडून हसत होती. "नमस्कार," ती म्हणाली. मग तिने फोन फिरवला. टेबलावर दोन तांब्याच्या फुलदाण्या होत्या. दोन्हींना रेशमी रुमाल नेसवलेले, वर गोल तळाच्या दोन वाट्या पालथ्या घालून त्यांवर कुंकवाने डोळे काढलेले. पुढे पणती. पणतीपुढे बशीत करपलेल्या, वेड्यावाकड्या पुरणपोळ्या.

"गौरांगला आज घरची आठवण येणार," तोडक्या इंग्रजीत ती सांगू लागली. "म्हणून मी रजा घेतली. तो म्हणाला, दोन बहिणी असतात, माहेरी येतात. म्हटलं, मग आपल्याकडेही येऊ देत. पोळ्या बिघडल्या. हसू नका."

पंगतीत कोणी हसले नाही. वहिनींनी मान वळवून आधी पडद्याकडे आणि मग जावेकडे पाहिले. ओडिलच्या खांद्यामागे गौरांग दिसला. बापाची नजर पडताच त्याने ती चुकवली, आणि कुंड्या, पूल, वाफल, कुत्रा, जुळी पोरे या सगळ्या फोटोंचा अर्थ गिरिधररावांना एका क्षणात लागला. पोरगा दीड महिना चौकटीबाहेर ठेवत आला होता तीच बाई त्याच्यासाठी पोळ्या लाटत होती. बापाने त्याला हे कधी शिकवले नव्हते. न शिकवताही काही विद्या घरात येतातच.

"आता माझी लेक दाखवा," ओडिल म्हणाली. "ती म्हणत होती, हिरवी साडी आहे, नथ आहे."

गिरिधररावांनी कॅमेरा महालक्ष्म्यांकडे वळवला. मुखवटे दाखवले, फुलोरा दाखवला, कागदी फुले दाखवली. "ही तिनं केली," असे म्हणाले. आणि ते खरे होते. ओडिल पाहत राहिली, वा वा म्हणत राहिली, आणि शेवटी पुन्हा म्हणाली, "आणि अनाइस?"

खेड्यात पाठवली, एवढे म्हणता आले असते. पंगतीला तेच सांगितले होते. पण पंगतीला सांगितलेले या बाईसमोर उच्चारताना त्याचा खरा अर्थ उघडा पडणार, हे त्यांना दिसले. आपल्या शास्त्रात अशा वेळेसाठी सोय असते. चाळीस वर्षांची विद्वत्ता धावून आली.

"ती सोवळ्यात आहे," गिरिधरराव म्हणाले. "फार पवित्र अवस्था असते ती. देवीच्या अगदी जवळ. त्या वेळी फोनला शिवता येत नाही, कोणाला भेटता येत नाही."

पंगतीत भाताचा घास कोणाच्या तरी घशात अडकला. स्वतः सोवळे नेसलेल्या माणसाने हातात फोन धरून हे सांगावे, यातली विसंगती तिथल्या लहान मुलालाही कळण्यासारखी होती. ओडिलला इंग्रजी नीट समजले नाही. तिने वळून गौरांगला विचारले. गौरांगने एकदा बापाकडे पाहिले. मग तो फ्रेंचमध्ये सांगू लागला, चांगला खुलवून, हातवारे करून. तो बोलत असताना ओडिलचा हात हळूहळू छातीशी गेला.

"इतक्या जवळ?" तिने विचारले. "माझ्या मुलीला?"

"हो," गिरिधरराव म्हणाले.

तिने डोळे पुसले. संध्याकाळी, ती मोकळी झाली की, पुन्हा बोलू असे ती म्हणाली आणि पडदा काळा झाला. दादांनी वाटी पुढे केली. "कढी वाढा इकडे," ते म्हणाले. कढी आली. नूपुर पानावरून उठली आणि हात धुवायला म्हणून गेली ती परत आली नाही.

गिरिधरराव न जेवता मौद्याला निघाले, ते पश्चात्तापाने, असे म्हणायला कोणाला आवडेल. ते भीतीने निघाले. संध्याकाळी ओडिल लेकीशी बोलणार होती. त्याआधी लेकीशी आपण बोलायला हवे, एवढाच हिशेब होता. भंडारा रोडवर गाडी हाकताना मनात वाक्ये जुळवत होते आणि एकेक खोडत होते. धानाच्या बांध्यांपलीकडे वीजकेंद्राची धुराडी दिसू लागली, तेव्हा खोडायलाही वाक्य उरले नव्हते.

रुपरावांच्या अंगणात दुसरी पंगत बसली होती. अनाइस पिवळी साडी खोचून भात वाढत फिरत होती.

"या सर, या," रुपराव धोतराला हात पुसत पुढे आले. "जयवंता, सर आले वं, पाणी आन. सर, तुमच्या घरी बी आज महालक्ष्म्या, मंग तुमी इकडं कसे?"

"हिला न्यायला आलो."

"काहून? उद्या विसर्जन झाल्यावर नेजा न. पोरगी मस्त रमून राहिली."

श्वेताच्या आई, जयवंताबाई, पाण्याचा गडू घेऊन आल्या. "सकाळी तिले कुमारिका म्हनून बसवलं," त्यांनी सांगितले. "पाय धुतांनी अशी हासून राहिली, का पुसू नका. गुदगुल्या होते म्हने. म्या म्हटलं, देवीले बी होत असन, पन ते बिचारी सांगत नाही."

पंगतीतल्या बायका हसल्या. अनाइसही हसली, आणि भाताचे पातेले श्वेताच्या हाती देऊन गिरिधररावांकडे आली. ओसरीच्या टोकाला धानाची पोती रचली होती, तिथे दोघे बसले. तिने कमरेला खोचलेला फोन काढून त्यांच्यापुढे धरला. आईचा संदेश होता, लांबलचक, फ्रेंचमधला. मधूनच इंग्रजी लिपीत एक मराठी शब्द होता. सोवळे.

"श्वेताला विचारलं, हे काय असतं," अनाइस इंग्रजीत म्हणाली. "तिनं सांगितलं. मग तिनं विचारलं, तुला तिकडे पंगतीला बसवणार होते ना? मी हो म्हटलं. मग तिनं विषय बदलला. हुशार आहे ती."

गिरिधरराव गडूतल्या पाण्याकडे पाहत होते.

"गौरांगनं भाषांतर केलं?" तिने विचारले.

"हो."

"तो आमच्या शेजाऱ्यांच्या पोरांचे सारखे फोटो काढायचा. मला वाटायचं, त्याला लहान मुलं आवडतात." "मी अजून उत्तर दिलेलं नाही. काय लिहू? तुम्ही सांगा."

तिने खरोखरच विचारले होते. त्या प्रश्नात टोमणा नव्हता. असता तर सोपे झाले असते. खरे ते लिही, एवढे तीन शब्द म्हणायचे होते. गिरिधररावांनी ते शब्द कित्येक सभांत, कित्येक टाळ्यांत म्हटले होते. आता ते जिभेपर्यंत आले, आणि जे बाहेर पडले ते असे:

"तुझ्या आईला फार वाईट वाटेल."

अनाइसने त्यांच्याकडे पाहिले. आपल्या अब्रूपुढे एका परक्या बाईचे काळीज उभे करून हा माणूस त्यामागे लपला आहे, हे तिला कळले की नाही, हे सांगता येत नाही. पण गिरिधररावांना ते कळले, आणि तिने डोळे खाली वळवले ते आपल्यावर दया करून, हेही कळले.

"हो," ती म्हणाली. "तिला वाटेल." मग ती उठली. "या."

आतल्या खोलीत रुपरावांच्या महालक्ष्म्या उभ्या होत्या. मातीचे मुखवटे, ठळक काजळ, अंगावर लाल आणि जांभळी लुगडी, पायाशी धानाची रास. अनाइस त्यांच्यापुढे उभी राहिली आणि तिने आपल्या शेजारची जागा दाखवली. गिरिधरराव तिथे जाऊन उभे राहिले. श्वेताने फोन धरला. तिचा चेहरा फोनमागे होता.

"सर, जरासे हासा न," दारातून रुपराव म्हणाले. "फोटोत असे काहून, कोनी मेल्यासारके."

गिरिधरराव हसले. व्यासपीठावरचे, सत्कार स्वीकारतानाचे, सरावाचे हसू. ते न बोलावता आले. अनाइसने फोटोखाली दोन ओळी लिहिल्या, फोटो आईला पाठवला, आणि फोन पुन्हा कमरेला खोचला. "मी उद्या येते, विसर्जन झाल्यावर," ती आता मराठीत म्हणाली. "तुमी जेवून जा. भात मी केला."

ते जेवले. घरचा कर्ता पुरुष पूजेच्या दिवशी आपल्या घरचे पान सोडून दुसऱ्याच्या दारी जेवला, ही त्यांच्या कुळात पहिलीच वेळ असावी. भात किंचित कच्चा होता. त्यांनी दोनदा मागून घेतला. निघताना जयवंताबाईंनी अरुंधतीबाईंसाठी म्हणून पुरणपोळ्यांचा डबा दिला आणि रुपराव गाडीपाशी येऊन म्हणाले, "आमच्या घरी सर जेवले. मोठी गोष्ट झाली." गिरिधररावांनी काच वर केली.

घरी पोचले तेव्हा पाहुणे पांगले होते. अरुंधतीबाई दारातच होत्या, हातात फोन. "अहो, हे काय," त्या म्हणाल्या.

तोच फोटो कुटुंबाच्या गटावर आला होता. गौरांगने टाकला होता. खाली त्याने लिहिले होते: "आमच्या महालक्ष्म्या, आणि बाबांसोबत अनाइस." पहिल्यांदाच त्याने तिला चौकटीत घेतले होते, ते असे.

"आपले मुखवटे पितळी आहेत," अरुंधतीबाई हळू आवाजात म्हणाल्या. "आपल्या साड्या हिरव्या आहेत. सगळे इथे जेवून गेलेत दुपारी. सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. आता काय म्हणतील हो?"

गिरिधरराव सोप्यावर बसले. डबा मांडीवर तसाच होता. आता कोणीतरी विचारील, असे त्यांना वाटले, आणि आश्चर्य म्हणजे त्या वाटण्यात भीती उरली नव्हती. दादा विचारतील. वहिनी तर नक्कीच. मुखवट्यांच्या नथींतला मोती न् मोती त्यांना ठाऊक आहे. एकदा कोणी विचारले की उत्तर द्यावेच लागेल, मग ते तोंडातून कसेही निघो.

पहिले आले दादा. "फारच सुंदर." मग वहिनी: "प्रसन्न वाटलं बघून. गोड आहे पोरगी." मग वहिनींच्या माहेरचे, दुपारी शेजारच्या पानावर बसलेले गृहस्थ: "यंदाची सजावट अप्रतिम." जोडलेले हात आले, दिवे आले, कमळे आली. दुपारी ज्यांच्या घशात घास अडकला होता त्यांनीही कमळे पाठवली.

नूपुरच्या नावापुढे ती काहीतरी लिहीत असल्याची खूण उमटली. गिरिधरराव सरसावून बसले. खूण गेली. पुन्हा उमटली. बराच वेळ राहिली. अरुंधतीबाईही वाकून पाहू लागल्या. मग नूपुरकडून एक लाल बदाम आला, आणि खूण पुन्हा उमटली नाही.

"सुटलो बाई," अरुंधतीबाई म्हणाल्या, आणि पदराने डोळे पुसत आत गेल्या. आतून कपाट उघडल्याचा आवाज आला. बंद झाल्याचा आला नाही.

तेवढ्यात गिरिधररावांच्या फोनवर ओडिलचा संदेश आला. फोटोबद्दल ती आभार मानत होती. तिने तो दवाखान्यातल्या सगळ्यांना पाठवला होता. सोवळ्यातून बाहेर आल्यावर लेक थकली असेल, तेव्हा आज फोन करत नाही, असे तिने लिहिले होते. फक्त एक शंका होती. तिच्या टेबलावरच्या त्या दोघी बहिणी. त्यांना किती दिवस ठेवायचे, आणि निरोप कसा द्यायचा? गौरांगला नीट आठवत नाही. चुकीचे काही घडू नये, म्हणून तुम्हाला विचारते. तुम्ही जाणकार आहात.

गिरिधररावांनी चष्मा काढला. चिकटवलेली काडी पुन्हा सैल झाली होती. पुसून त्यांनी तो परत लावला आणि टाइप करू लागले. उद्या संध्याकाळी. दहीभाताचा नैवेद्य दाखवा. दोघींना जागेवरून किंचित हलवा. मग हात जोडून म्हणा, पुन्हा या.

लिहून झाल्यावर ते पाठवण्याच्या खुणेवर बोट ठेवून बसून राहिले. मांडीवरचा डबा अजून कोमट होता.